सहा शनिवार, 4,500 रुपये : बेळगावातला निधी उभारणीचा वर्ग कसा होता

टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपासून चालत पाच मिनिटांवरच्या एका सभागृहात गेल्या पावसाळ्यात हा वर्ग झाला. सहा शनिवार, सकाळी दहा ते दुपारी चार, फी 4,500 रुपये. सामाजिक संस्थांसाठी देणग्या उभ्या करायचं काम पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून कसं करावं आणि त्यात पुढं कसं जावं, हा विषय. आम्ही बावीसजण होतो. शिकवायला पुण्याहून एक बाई येत होत्या, तीस वर्षं हेच काम केलेल्या. कराच्या नियमांसाठी एक दिवस इथलेच एक सीए आले. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असं कळलं आणि खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या चार-पाच पोरापोरींचे मला फोन आले, "अक्का, जाऊ काय?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा इथं सविस्तर लिहिते. फी मी माझ्या पगारातून भरली होती, संस्थेच्या पैशातून नाही, त्यामुळं कुठल्या शनिवारी काय मिळालं ते पक्कं लक्षात आहे.

आधी मी कोण ते सांगते. मी खानापूरची. तालुक्याच्या पश्चिमेला भीमगडच्या जंगलपट्ट्यात जी गावं आहेत, तिथल्या मुलींसाठी एक छोटं वसतिगृह चालतं. त्याच्यासाठी मी अकरा वर्षं देणग्या गोळा करते. पावसाळ्यात तिकडचे ओढे भरले की रस्ता बंद होतो, आणि आठवी-नववीतली पोर अशा वेळी घरी बसली की बहुतेक पुन्हा शाळेत येत नाही. चाळीस मुली आहेत. त्यांचं धान्य, गॅस, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, गाद्या, रेनकोट, सगळं देणगीवर चालतं. माहेरी अजून म्हणतात, "पट्टी मागत फिरतीस न्हवं अजून?" त्या एका वाक्याला उत्तर मिळावं म्हणून मी या वर्गात गेले होते.

उत्तर मिळालं ते चौथ्या शनिवारी. त्या एका दिवसासाठी मी सगळी फी पुन्हा भरेन.

आदल्या आठवड्यात बाईंनी सांगून ठेवलं होतं, तुमच्या संस्थेची जुनी पावती पुस्तकं घेऊन या. स्थळप्रती, म्हणजे पावती फाडून दिल्यावर पुस्तकात राहणारा भाग, चाळायच्या, तीन वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी पैसे देऊन गेलेला आणि ज्याला आपण नंतर एकदाही भेटलो नाही, फोनही केला नाही, असा एक माणूस शोधायचा. मग त्याला तिथूनच फोन करायचा. अटी दोन. पैसे मागायचे नाहीत. आणि त्याच्या पैशाचं काय झालं ते आकड्यासकट सांगायचं.

मला जून 2019 ची एक स्थळप्रत सापडली. 501 रुपये, वडगावचे एक निवृत्त शिक्षक, तपशिलात "गाद्यांसाठी" असं माझंच अक्षर. फोन करायच्या आधी संस्थेच्या हिशेबनीसाकडून त्या महिन्याची खतावणी मागवली. त्या जूनमध्ये आम्ही चौदा गाद्या घेतल्या होत्या, 680 रुपयांना एक. म्हणजे गुरुजींच्या पैशात एक अख्खी गादीसुद्धा बसत नव्हती. बाईंना विचारलं, काय सांगू? त्या म्हणाल्या, आहे तेच सांगा.

फोन लावला. गुरुजींना आधी ओळख पटेना. मग मी गाद्यांचं सांगितलं, दर सांगितला, आणि त्यांच्या पैशात पाऊण गादी आली हेही सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस. आता त्या गादीवर कोण झोपतंय?" मुलींची नावं बाहेर सांगायची नाहीत हे आदल्याच शनिवारी शिकले होते. म्हटलं, दहावीतली एक मुलगी आहे गुरुजी, नाव सांगत नाही. ते म्हणाले, "नको सांगूस. अभ्यास करते न्हवं?" आणि मग थोडं थांबून, "पाच वर्षांत तुम्ही आज पहिल्यांदा कळवलंत. मला राग नव्हता. मी विसरूनच गेलो होतो."

हे ऐकून मला फार लागलं. त्या पुस्तकात शंभर स्थळप्रती होत्या आणि अशी पुस्तकं आमच्या कपाटात तीसच्या वर आहेत. अकरा वर्षं मी समजत होते की पावती फाडून हातात दिली की माझं काम संपलं. तिथून पुढं निम्मं काम असतं आणि ते मी केलंच नव्हतं. वसतिगृहातल्या मुलींची सेवा करते असं मी सगळीकडं सांगायची, पण देणाऱ्याचीही काही सेवा करायची असते, त्याच्या पैशाचं पुढं काय झालं हे त्याला न विचारता कळलं पाहिजे, हे मला कुणी असं करून दाखवलं नव्हतं.

गुरुजींनी त्यानंतर पैसे पाठवले का, हे मला सगळे विचारतात. नाही पाठवले. सप्टेंबरात एका सकाळी बसनं खानापूरला आले, तिथून आमच्या जीपनं वसतिगृहावर, आणि दुपारभर बसून दहावीच्या मुलींचे गणिताचे पेपर तपासून गेले. आता मी दर मंगळवारी दुपारी असे चारजणांना फोन करते, चारच. जुन्या पुस्तकांतली नावं अजून बरीच वर्षं पुरतील.

मुलींच्या नावांवरून आठवलं. फोटोंबद्दल बाई फार कडक होत्या आणि ते मला पटलं. रडकी, फाटक्या कपड्यातली पोर दाखवून पैसे मागायचे नाहीत. फोटो काढायच्या आधी मुलीला आणि तिच्या पालकांना विचारायचं. आणि ती पोर मोठी झाल्यावर तो फोटो तिच्या सासरी कुणी पाहिला तर तिला काय वाटेल, हा प्रश्न स्वतःला विचारायचा. वर्गातून परत आल्यावर आमच्या पत्रकातले दोन फोटो मी काढून टाकले.

दुसऱ्या शनिवारबद्दल लिहिताना मला जुनी गोष्ट सांगावी लागेल. 2009 साली मी या कामात आले ती एका वेगळ्या संस्थेतून. तिचं नाव लिहीत नाही. तिथं पगार नव्हता, गोळा केलेल्या रकमेवर वीस टक्के मिळायचे. शहापुरात एका सराफी दुकानात मी बसले होते. मालकांनी हजार रुपये मोजून काउंटरवर ठेवले, त्यावर हात ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाळ, यातले तुझे किती?" मला खोटं बोलता आलं नाही. दोनशे, म्हटलं. त्यांनी आठशेची संस्थेची पावती करायला सांगितली आणि दोनशे वेगळे देऊन म्हणाले, "हे तुला. पण तुझ्या संस्थेनं तुला असं ठेवू नये." चार महिन्यांत मी ते काम सोडलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो माझ्या एकटीच्या मनाचा सल आहे. वर्गात कळलं की या व्यवसायातल्या जगभरच्या लोकांची आचारसंहिता आहे. अमेरिकेतल्या 'असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स' या संघटनेच्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की जमवलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायचा नाही. कारणही बाईंनी नीट उलगडलं. टक्केवारी असली की माणूस देणाऱ्याची सोय बघत नाही, त्याला घाई होते, आज मिळेल तेवढं ओढायला जातो. पगार हवा, ठरलेला हवा, लेखी हवा. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला त्या सराफ काकांची फार आठवण आली.

सीएंचा शनिवार भराभर गेला, पण कामाचा होता. ज्यांना यात यायचंय त्यांनी हे पाठच करावं. 2,000 रुपयांच्या वर रोख दिले तर त्या देणगीवर देणाऱ्याला 80जीची, म्हणजे 1961 च्या आयकर कायद्यातल्या त्या कलमाची, करसवलत मिळत नाही. पॅन नंबर पावतीवर घ्यायचा, आणि तिथल्या तिथं कार्ड बघून. वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण, फॉर्म 10बीडी, 31 मेपर्यंत भरायचं. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये दंड. त्यातूनच देणगीदाराला 10बीई प्रमाणपत्र मिळतं, आपल्या पावतीवर त्याचं भागत नाही. आणि ज्यानं नवी करपद्धत निवडलीय त्याला ही सवलतच नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" असं कुणालाही सरसकट सांगायचं नाही. मी सांगत होते. मार्चमध्ये गणपत गल्लीतल्या एका दुकानदारांनी पाच हजार रोख पुढं केले आणि 80जीची पावती मागितली, तेव्हा या वर्गामुळं मला नम्रपणे नाही म्हणता आलं. त्यांनी चेक दिला.

परदेशी पैशाबद्दलचा एक मुद्दा आपल्या भागासाठी महत्त्वाचा, कारण आखातात गेलेली माणसं गावोगावी आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं तिकडून बँकेतून पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही. त्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, आणि मग संस्थेकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेताच येत नाही. आम्ही एकदा थोडक्यात वाचलो होतो हे मला तेव्हा उमगलं.

पाचव्या शनिवारी मात्र माझं बाईंशी जमलं नाही.

त्या दिवशी फळ्यावर पिरॅमिड काढला. तळाला छोटे देणगीदार, वर मोठे, टोकाला कंपन्या. हिशोब असा की छोट्या देणगीला खर्च जास्त, म्हणून वेळ वरच्या टोकाला द्यायचा. मग कंपनी कायद्याचं 135 वं कलम समजावलं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं काहीही एक निदान इतकं असेल तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. 2014 पासून हे लागू आहे. एप्रिल 2021 पासून असे पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 या फॉर्मवर नोंदणीही लागते. हे सगळं ठीक, माहीत हवंच. पण उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, मी गेली अकरा वर्षं फिरते. ज्या फौंड्रीत, ज्या मशीन शॉपमध्ये मी बसते, तिथले मालक अजून स्वतः अंगात डांगरी घालून काम करणारे आहेत. त्यांना हे कलम लागू होत नाही. ते देतात ते कायद्यामुळं नाही, आणि त्यांच्याशी कसं बोलावं यावर वर्गात एक शब्द नव्हता.

आणि तळाचे लोक. वडगावातली विणकरांची एक गल्ली आहे, तिथं मी वर्षातून दोनदा जाते. वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये. गेल्या खेपेला दिवसभरात 1,340 रुपये झाले. बसभाडं, जेवण आणि माझा त्या दिवसाचा पगार धरला तर उरतात पाचशेसुद्धा नाहीत. बाईंचा हिशोब चुकीचा नाही. पण 2020 च्या टाळेबंदीत एका मोठ्या कंपनीनं कळवलं की कबूल केलेली रक्कम यंदा दुसरीकडं वळवली आहे, आणि आमच्याकडं सहा मुली अशा होत्या की ज्यांना घरी पाठवणं शक्य नव्हतं. मी त्या गल्लीतल्या एका काकूंना फोन केला तो ख्यालीखुशाली विचारायला, माग बंद होते म्हणून. मागायचं माझ्या मनातही नव्हतं. त्यांनी उलट विचारलं, "पोरींचं जेवणाचं काय?" चार दिवसांनी दूध पोचवणाऱ्या गाडीतून दीड पोतं तांदूळ आणि एका डब्यात घरगुती तिखट आलं. ज्यांच्या घरी त्या महिन्यात मजुरी आली नव्हती त्यांचा तो तांदूळ. हा पिरॅमिडच्या कुठल्या थरात बसवायचा?

हे मी वर्गात बोलले. बाईंनी ऐकून घेतलं, पण उत्तर दिलं नाही, वेळ संपली होती. मला वाटतं हा वर्गाचा खरा उणेपणा आहे. पुस्तकं सगळी बाहेरची. आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहातली पोरं जेवू घातली; धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. मूठभर धान्य देणारी बाई त्या वसतिगृहाची मालकीण होते. वसतिगृह चालवणाऱ्यांच्या वर्गात हे दहा मिनिटं तरी यायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी आपल्या गावची सुंदर घेतली, पहिल्याच तासाला. विचारलं, तुमच्यातले किती जण जीएसएस, आरपीडी, आरएलएस कॉलेजला शिकले? निम्मे हात वर. मग विचारलं, ही अक्षरं कुणाची? गोविंदराम सेकसरिया, राणी पार्वतीदेवी, राजा लखमगौडा. दोघांना सांगता आलं. आणि लिंगराज कॉलेज? शिरसंगीच्या लिंगराज देसायांनी आपली इस्टेट शिक्षणासाठी ठेवली, हे बैलहोंगलच्या एका मुलानं कन्नडमध्ये सांगितलं आणि मी त्याचं मराठी केलं. आपण रोज रिक्षावाल्याला ही नावं सांगतो. त्या दिवसापासून आरपीडी क्रॉसवरून जाताना मला वेगळं वाटतं.

त्या मुलावरून भाषेचं सांगते. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत, बोलणं मराठी-हिंदी मिसळून. बैलहोंगल, गोकाककडचे चौघे होते, त्यांची फार ओढाताण झाली. बेळगावात हे चालत नाही. इथं एकच पत्र शहापूरला मराठीत, पंचायतीला कन्नडमध्ये आणि कारखान्याला इंग्रजीत जातं. आमची पावती पूर्वी फक्त मराठीत होती. रविवार पेठेतल्या एका कन्नड व्यापाऱ्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि फार अदबीनं विचारलं, "इदराग एन बरदीरि, अक्का?" यात काय लिहिलंय? पैसे माझ्या हातात देऊन झाले होते. विश्वासानं दिलेल्या पैशाची पावती माणसाला वाचता येऊ नये, याची मला लाज वाटली. पुढची पुस्तकं दोन्ही भाषांत छापून घेतली, छपाईला पुस्तकामागं अकरा रुपये जास्त पडले. सीमाभागात कुणी कुणी विचारतंच की तुमची संस्था कुणाच्या बाजूची. मी मुलींचं हजेरीपुस्तक पुढं ठेवते, त्यात मराठी आणि कन्नड, दोन्ही घरच्या मुली आहेत. या गोष्टी शिकवायला पुण्याहून कुणी येऊन भागणार नाही. त्यासाठी इथली माणसं लागतील, आणि मी तसं आयोजकांना लेखी कळवलंय.

शेवटच्या शनिवारी करिअर. पत्रकात हाच शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात होता. सहायक, मग व्यवस्थापक, मग विभागप्रमुख अशा पायऱ्या दाखवल्या. मुंबई-बेंगळुरूला असतील. आपल्या भागातल्या संस्थेत ही एकच खुर्ची असते, आणि तिच्यावर बसलेलीच बाई पावत्या फाडते, अहवाल लिहिते आणि पाहुणे आले की चहाही बघते. मी 2014 मध्ये 6,000 वर लागले, आज 22,000 मिळतात, पीएफ तीन वर्षांपूर्वी सुरू झाला. हे मी उभी राहून सांगितलं, कारण समोर वीस-बावीस वर्षांच्या मुली बसल्या होत्या आणि त्यांनी खरा आकडा ऐकून निर्णय घ्यावा असं मला वाटत होतं. बाईंचं मोठेपण असं की त्यांनी पुढच्या स्लाइड बंद केल्या आणि उरलेला तास मुलाखतीला गेल्यावर संस्थेला काय विचारायचं यावर घेतला. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल बघायला मागा. पगार ठरलेला आहे का, प्रवासखर्च वेगळा का, नेमणूक लेखी का. देणगीदाराला पैशाचा विनियोग कोण कळवतं? वर्षाचं उद्दिष्ट कुणी ठरवलं आणि कशावरून? वसतिगृह असो की दवाखाना, आठवड्यातला एक दिवस मला प्रत्यक्ष कामात घालवू द्याल का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. मी स्वतः गुरुवारी रात्री वसतिगृहावर मुक्कामाला असते. शुक्रवारी कुणासमोर बसून बोलते तेव्हा ते बोलणं वेगळं होतं.

तर जावं का? या कामात वर्ष-दोन वर्षं घालवलेल्यांनी जरूर जावं, 4,500 रुपये वसूल होतात. अजून एकही पावती फाडली नसेल तर आधी सहा महिने कुठल्याही चांगल्या संस्थेबरोबर गल्लीतून फिरा आणि मग जा, नाहीतर चौथा शनिवार हातातून जाईल. नोकरी मिळेल या आशेनं जाऊ नका, नोकरी मिळवून देण्याची सोय तिथं नाही. कन्नड माध्यमातून शिकलेल्यांनी आधी आयोजकांना विचारून घ्या. पाचपैकी साडेतीन गुण देते. पाचवा शनिवार सुधारला आणि दोन्ही भाषा आल्या तर साडेचार देईन.

सभागृह दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं आहे. खानापूरहून येणाऱ्यांनी सकाळच्या रेल्वेनं यावं, स्टेशनवरून चालत जाता येतं. फीमध्ये चहा आहे, जेवण नाही, डबा न्या. आणि संस्थेकडून परवानगी घेऊन सगळ्यात जुनं पावती पुस्तक बरोबर न्या. आमच्यातल्या सातजणांनी आणलं नव्हतं, ते त्या दिवशी आमचे फोन ऐकत बसले.